स्वाक्षरी आणि बोली : युरेनियमच्या समस्थानिक-लक्षणांची परिभाषा

चोरट्या व्यापारात अथवा बेवारस स्थितीत सापडलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याचे मूळ शोधणाऱ्या शास्त्रास अणु-न्यायसहायक विज्ञान असे म्हणता येईल. १९९० नंतरच्या दशकात युरोपात अशी द्रव्ये वारंवार पकडली गेली, आणि या शास्त्रास आकार आला. त्याच्या परिभाषेत ‘सिग्नेचर’ व ‘फिंगरप्रिंट’ हे शब्द पदोपदी आढळतात. मराठीत ‘स्वाक्षरी’ व ‘अंगुलिमुद्रा’ हे त्यांचे प्रतिशब्द सहज सुचतात. स्वाक्षरी हेतुपुरस्सर केली जाते, अंगुलिमुद्रा नकळत उमटते. परंतु दोन्ही एकाच व्यक्तीची ओळख पटवितात. युरेनियमच्या खनिजातील समस्थानिकांचे प्रमाण अशी ओळख पटविते काय, हा येथील विचाराचा विषय होय.

नैसर्गिक युरेनियमात २३८ भाराचा समस्थानिक ९९.२७ टक्के, २३५ भाराचा ०.७२ टक्के आणि २३४ भाराचा सुमारे ०.००५ टक्के असतो. पहिल्या दोहोंचे गुणोत्तर १३७.८८ असून ते पृथ्वीवर सर्वत्र एकच आहे, असे कित्येक दशके गृहीत धरले जात असे. अलीकडील सूक्ष्म मापनांनी त्यात हजारात सुमारे एक इतका फरक दाखविला आहे. पाण्याबरोबर वाहत आलेल्या युरेनियमचे वालुकाश्मात, कमी तापमानात क्षपण होऊन बनलेल्या साठ्यांत २३८चा वाटा उच्च तापमानात बनलेल्या साठ्यांहून किंचित अधिक आढळतो. २३४चे प्रमाणही खनिजाचा पाण्याशी किती संपर्क आला यावर कमीअधिक होते. अर्थात ही लक्षणे साठा कसा बनला हे सांगतात. खाणीचे नाव सांगत नाहीत. कझाकस्तान आणि अमेरिकेतील वायोमिंग यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले, तरी वालुकाश्मातील साठे दोन्हीकडे आहेत.

या पुराव्याचे खरे साम्य बोलीशी आहे. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो; माणसाच्या हेलावरून त्याचा मुलूख कळतो, नाव कळत नाही. बाजारपेठेच्या गावी अनेक बोली मिसळतात, तद्वत् शुद्धीकरणाच्या कारखान्यात अनेक खाणींची खनिजे मिसळतात. पुढे समृद्धीकरणात तर २३५ व २३८ यांचे मूळ गुणोत्तरच पालटते. शिवाय बोलींची सीमा एका शब्दावरून आखता येत नाही. अनेक लक्षणांच्या सीमारेषा जेथे एकत्र येतात तेथेच ती मानावी लागते. येथेही तसेच आहे. जर्मनीच्या युद्धकालीन अणुसंशोधनातील एका युरेनियम-घनाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. थोरियम-२३० व युरेनियम-२३४ यांच्या गुणोत्तरावरून तो घन १९४३ साली बनल्याचे ठरले; विरल मृदा मूलद्रव्यांची मांडणी आणि स्ट्राँशियमचे समस्थानिक यांवरून खनिज योआखिमस्टाल परिसरातील असल्याचे ठरले. याच गावच्या चांदीच्या नाण्यावरून ‘टालर’ व पुढे ‘डॉलर’ हा शब्द आला. अनेक भाषांतून फिरूनही शब्दाने आपल्या जन्मगावाची खूण जपली. परंतु ती ओळखण्यास मधली रूपे ठाऊक असावी लागतात.

ओक्लोचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. १९७२ साली फ्रान्समधील पिएरलात येथे गॅबनहून आलेल्या युरेनियमात २३५चे प्रमाण ०.७२०२ऐवजी ०.७१७१ टक्के भरले. हा तुटवडा कोणा माणसाच्या हातून झाला असावा, ही शंका प्रथम येणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ओक्लोच्या साठ्यात सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी विखंडनाची शृंखला आपोआप चालली होती. निओडिमियमच्या समस्थानिकांनी त्याची साक्ष दिली. अशी नैसर्गिक अणुभट्टी संभवते, हे पॉल कुरोडा यांनी १९५६ सालीच दाखविले होते. ओक्लोचे द्रव्य कोठेही ओळखू येईल इतके विलक्षण आहे, म्हणून तेथे ‘स्वाक्षरी’ हा शब्द एक वेळ शोभेल. परंतु अपवादावरून परिभाषा बनविणे युक्त नव्हे.

परिभाषेचा हा दोष केवळ शाब्दिक नाही. लिबियाने २००३ साली आपला शस्त्रकार्यक्रम सोडल्यावर तेथील युरेनियम हेक्झाफ्लोराइड अमेरिकेत नेण्यात आले. ते उत्तर कोरियाकडून आले असावे, असा अमेरिकी शासकीय शास्त्रज्ञांचा निष्कर्ष २००५च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांतून प्रकट झाला. त्या वृत्तांनुसार तुलनेसाठी उत्तर कोरियाच्या युरेनियमचा नमुना उपलब्ध नव्हता. ज्ञात मुलुखांशी मेळ बसेना, म्हणून उरलेल्याकडे बोट दाखविण्यात आले. स्वतंत्र तज्ज्ञांचा आक्षेप नेमका यावरच होता. अनोळखी बोली ऐकून ती न ऐकलेल्या गावाचीच ठरवावी, तसा हा तर्क होय.

तज्ज्ञांस रूपकाची मर्यादा ठाऊक असते, असे उत्तर यावर दिले जाईल. ते खरे आहे. पण अहवाल वाचतात मंत्री आणि मुत्सद्दी. त्यांच्या कानी ‘स्वाक्षरी’ हा शब्द पडताच गुन्हेगार सापडल्याचा भास होतो, आणि येथे गुन्हेगार म्हणजे एखादे राष्ट्र असते. हे द्रव्य अमुक खाणीचे नव्हे, असे ही पद्धती पुष्कळदा खात्रीने सांगू शकते. ते अमुक खाणीचेच, असे सांगण्यास तिला नमुन्यांचा समृद्ध कोश लागतो. म्हणून मराठीत तरी ‘समस्थानिक-लक्षण’ हीच संज्ञा रूढ व्हावी. लक्षणावरून अनुमान करावयाचे असते, आणि अनुमान चुकू शकते, याची आठवण तो शब्द स्वतःच देतो.