कर्ता पुरुष आणि त्याचे घर

हॉलिवूडच्या चित्रपटांची वर्गवारी करताना कौटुंबिक चित्रपट एका बाजूला आणि अतिमानवी नायकांचे साहसपट दुसऱ्या बाजूला ठेवण्याची प्रथा आहे. पहिल्या प्रकारात आईबाप, मुले, शाळा, नाताळ आणि अखेरीस समेट. दुसऱ्या प्रकारात मुखवटे, पंख, यंत्रे आणि अखेरीस स्फोट. समीक्षकही बहुधा पहिल्या प्रकाराला भाबडा आणि दुसऱ्याला बालिश ठरवून त्यांची बोळवण करतात. मायकेल कीटन या अमेरिकन नटाच्या चाळीस वर्षांतील भूमिका एकापाठोपाठ एक पाहिल्या म्हणजे मात्र ही भिंत टिकत नाही, असे आमचे मत आहे. स्वयंपाकघरात भांबावलेला बाप आणि गॉथम नगरीच्या छपरांवरून फिरणारा बॅटमॅन या दोघांच्याही मुळाशी त्याच्या अभिनयातून एकच प्रश्न उभा राहतो : 'घरासाठी' म्हणून पुरुष जे जे करतो, त्यात घर नेमके कुठे असते?

मिळवत्या माणसाला आपण मराठीत 'कर्ता पुरुष' म्हणतो. तो काय करतो आणि कसे करतो, याची चौकशी हा शब्द करीत नाही. तो मिळवून आणतो, एवढे त्याला पुरते. ज्या घरांतील पुरुषांनी आखातात किंवा बोटीवर वर्षांमागून वर्षे काढली, त्या घरांना या शब्दाचे वजनही ठाऊक आहे आणि त्यामागची पोकळीही. कीटनच्या भूमिका अमेरिकेच्या मातीतल्या असल्या, तरी त्यांचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते, ते यासाठीच.

कीटनचा जन्म १९५१ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. सात भावंडांत तो धाकटा; घराणे कॅथलिक आणि कष्टकरी. त्याचे मूळ नाव मायकेल डग्लस. त्या नावाचा दुसरा नट आधीच प्रसिद्ध असल्याने त्याने आडनाव बदलले. विनोदी नट म्हणून त्याचा जम बसला तो १९८३ च्या 'मिस्टर मॉम' या चित्रपटाने. पटकथा जॉन ह्यूजची, दिग्दर्शन स्टॅन ड्रॅगोटीचे. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातील अभियंता जॅक बटलर याची नोकरी जाते. त्याची पत्नी कॅरोलाइन (टेरी गार) जाहिरातसंस्थेत कामाला लागते आणि तीन मुलांचा संसार जॅकच्या गळ्यात पडतो. कपडे धुण्याचे यंत्र घरभर थैमान घालते. शाळेच्या दारात गाडी कुठून आत न्यायची आणि कुठून बाहेर काढायची, हेही त्याला इतरांनी शिकवावे लागते.

हा सारा विनोद ठरीव आहे. पुरुषाला घरकाम येत नाही, यावर हशा पिकवणे अवघड नाही. चित्रपट टिकला आहे तो कीटनच्या एका गुणामुळे : त्याचा जॅक घरकामाला हसत नाही, स्वतःच्या अज्ञानाने ओशाळतो. धाकट्या मुलाला त्याच्या लाडक्या पांघरुणाचा तुकडा सोडायला लावण्याचा प्रसंग पाहावा. बाप त्या मुलाशी एखाद्या प्रौढाशी करावी तशी गंभीर बोलणी करतो, त्याला वेळ देतो, त्याचे दुःख खरे मानतो. कीटनची भुवई आणि भरभर धावणारे बोलणे एरवी हशा मिळवतात. येथे तो बोलण्याचा वेग उतरवतो आणि बाप मुलाच्या उंचीवर येतो. मात्र याच चित्रपटाने शेवटी माघार घेतली आहे. जॅकला जुन्या नोकरीचे बोलावणे येते, पत्नीलाही घराची ओढ लागते आणि सगळे पुन्हा जागच्या जागी बसते. जणू काही महिने घरात काढणे ही बापाला झालेली शिक्षा होती आणि ती भोगून संपली. सुरुवातीला विचारलेला प्रश्न पटकथेने असा गुंडाळून ठेवला.

तोच प्रश्न तेरा वर्षांनी हॅरल्ड रेमिसच्या 'मल्टिप्लिसिटी' (१९९६) मध्ये पुन्हा येतो. बांधकामाच्या धंद्यात पिचलेला डग किनी याला घराकडे पाहायला सवड नाही, म्हणून तो विज्ञानाच्या साहाय्याने स्वतःची प्रतिकृती करवून घेतो आणि मग एकाचे अनेक होतात. एक डग कामावर राबतो, दुसरा घर सांभाळतो. मूळचा डग मात्र मोकळा झालेला वेळ बायकामुलांना देण्याऐवजी गोल्फ आणि नौकाविहारात घालवतो. येथे विनोदाला नैतिक धार आहे. वेळ नाही ही सबब होती. वेळ मिळाला तेव्हा इच्छा नव्हती, हे उघड झाले. एकाच माणसाचे हे सगळे अवतार कीटनने निव्वळ चालण्याबोलण्याच्या ढबीतून वेगळे केले आहेत. या भूमिकेला मिळावी तेवढी दाद मिळाली नाही, असे आम्हांला वाटते.

दोनच वर्षांनी आलेला 'जॅक फ्रॉस्ट' (१९९८) हा त्याचा सर्वांत दुबळा कौटुंबिक चित्रपट. वादक असलेला बाप नाताळच्या दिवशीही कार्यक्रमासाठी बाहेर पडतो, वाटेत त्याचे मन पालटते, पण घरी परतताना हिमवादळात त्याचा अपघाती मृत्यू होतो. वर्षभराने तो मुलाच्या अंगणातील हिममानवाच्या रूपाने परत येतो. हिममानवाची कळसूत्री बाहुली जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेत तयार झाली होती. पण कळसूत्री कितीही कुशल असली, तरी नटाचा चेहराच झाकला गेल्यावर उरतो तो केवळ आवाज. शिवाय जिवंतपणी जे करायचे ते मेल्यावर, तेही चमत्काराने, करता येते, असे सांगणारी गोष्ट बापांना फार स्वस्तात सोडून देते. समीक्षकांनी या चित्रपटाचे वाभाडे काढले, ते अकारण नव्हे.

आता दुसऱ्या कपाटाकडे वळू. टिम बर्टनच्या 'बॅटमॅन' (१९८९) साठी कीटनची निवड झाली तेव्हा चित्रकथेच्या चाहत्यांनी निर्मात्यांकडे हजारो निषेधपत्रे धाडली. १९३९ साली जन्मलेल्या या भारदस्त नायकाच्या जागी 'मिस्टर मॉम'मधला भांबावलेला बाप त्यांना कल्पवेना. तथापि बर्टनने नेमके तेच हेरले होते. ज्याचे शरीर बलदंड आहे त्याला मुखवट्याची गरज काय? मुखवटा लागतो तो आतून मोडलेल्या माणसाला.

कीटनचा ब्रूस वेन कोट्यधीश आहे, परंतु त्याला घर नाही. आहे तो वाडा. व्हिकी व्हेल जेवायला येते तेव्हा भल्यामोठ्या मेजाच्या दोन टोकांना दोघे बसतात आणि या दालनात आपण कधी आलो होतो असे आपल्याला वाटत नाही, अशी कबुली तो देतो. मग दोघे उठून स्वयंपाकघरात जातात आणि म्हातारा सेवक आल्फ्रेड त्याच्या बालपणीच्या आठवणी सांगतो, तेव्हा कुठे त्या माणसात ऊब येते. आईबापांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेले मूल त्या ठिकाणी दोन गुलाब ठेवून येते आणि रात्री शहराचा रक्षक बनते. त्याच्या पोशाखात मान वळवता येत नसे. संपूर्ण धड वळवूनच बाजूला पाहावे लागे. या अडचणीलाच कीटनने शैलीचे रूप दिले. हालचाल कमी, आवाज खालचा आणि सगळा अभिनय डोळे व ओठ यांत. विनोदी नटाकडची ही काटकसर पाहून निषेध करणारे गप्प झाले.

'बॅटमॅन रिटर्न्स' (१९९२) मध्ये हाच धागा अधिक गडद होतो. ब्रूस अंधाऱ्या खोलीत एकटा बसलेला असतो आणि आकाशात वटवाघळाची खूण उजळली की उठून उभा राहतो. काम आले म्हणजेच तो जिवंत होतो. त्याच्यासमोर पेंग्विन (डॅनी डिव्हिटो) हा जन्मतःच आईबापांनी टाकून दिलेला मुलगा उभा आहे. एक पोरका, दुसरा टाकलेला. एक शहर वाचवतो, दुसरा शहरातील थोरले मुलगे पळवू पाहतो. हा चित्रपट फार काळोखा आहे, अशी अमेरिकन पालकांची तक्रार होती. आमच्या मते त्याचा काळोख राक्षसांमुळे नाही. त्यात कुठेही पेटलेली चूल नाही, म्हणून तो आहे. पुढच्या 'बॅटमॅन फॉरेव्हर' (१९९५) मध्ये काम करण्यास कीटनने नकार दिला आणि ती भूमिका व्हॅल किल्मरकडे गेली.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्याला मिळालेली पंखांची भूमिका खलनायकाची होती. 'स्पायडर-मॅन : होमकमिंग' (२०१७) मधील व्हल्चर मुळात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६३ साली चित्रकथेत आणलेला, टकला, हिरव्या पंखांचा म्हातारा. चित्रपटाने त्याला व्यवसाय दिला, कामगार दिले आणि मुख्य म्हणजे संसार दिला. एड्रियन टूम्स हा भंगार उपसणारा कंत्राटदार. परग्रहवासीयांच्या लढाईत उद्ध्वस्त झालेल्या न्यूयॉर्कमधील ढिगारे उपसण्याचे काम त्याला मिळते. त्यासाठी तो पैसा ओततो, मालमोटारी आणि माणसे घेतो. इतक्यात सरकारी खाते आणि अब्जाधीश टोनी स्टार्क मिळून ते काम काढून घेतात. आपल्यामागे कुटुंब आहे, अशी गयावया तो करतो. कोणी ऐकत नाही. ढिगाऱ्यातील काही सामग्री त्याच्याकडे राहिलेली असते; तिच्यापासून तो शस्त्रे बनवून विकू लागतो.

येथे १९८३ चा जॅक बटलर आठवल्यावाचून राहत नाही. दोघेही हातचे काम गेलेले कर्ते पुरुष. जॅक घरात शिरला. टूम्स घराच्या नावाने बाहेर पडला. त्याच्या गुन्ह्यांमागचा अन्याय खरा आहे, आणि चित्रपट तो झाकत नाही, हे त्याचे मोठेपण. पण एक साथीदार त्याचे बिंग घरी फोडण्याची धमकी देतो, तेव्हा टूम्स हाताला लागेल ते शस्त्र उचलून डागतो आणि माणूस जागच्या जागी भस्म होतो. आपण दुसरेच शस्त्र समजत होतो, एवढेच तो म्हणतो. कीटनने हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले आहे, त्यात त्या व्यक्तिरेखेचा सारा अधःपात आहे. घराच्या अब्रूसाठी खून झाला, आणि घराला त्याचा पत्ताही नाही.

या भूमिकेचा कळस कुठल्याही हाणामारीत नाही. किशोरवयीन पीटर पार्कर (टॉम हॉलंड) मैत्रिणीला शाळेच्या नृत्यसमारंभासाठी न्यायला तिच्या घरी जातो. दार उघडणारा बाप टूम्स निघतो. मोटारीत मुलगी निर्धास्त गप्पा मारीत असते आणि बापाच्या मनात एकेक दुवा जुळत जातो. सिग्नलचा तांबडा दिवा त्याच्या चेहऱ्यावर पडलेला. तो हिरवा होतो तेव्हा त्याला सगळे उमगलेले असते. मुलीला आत पाठवून तो पीटरचे आभार मानतो, कारण त्याने तिचे प्राण वाचवले होते. आणि त्याच श्वासात, मध्ये पडलास तर तुला आणि तुझ्या माणसांना मारून टाकीन, असे बजावतो. कृतज्ञता खरी, धमकीही खरी. प्रेमळ बाप आणि निर्दय माणूस हे दोन मुखवटे नाहीत. एकच चेहरा आहे. कीटनने 'मिस्टर मॉम'पासून कमावलेला बापपणाचा सगळा विश्वास येथे पणाला लावला, म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. अखेर टूम्स तुरुंगात जातो, आणि त्याची पत्नी व मुलगी शहर सोडून जातात. ज्या घरासाठी सारे केले ते घरच उरत नाही.

तरीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. स्टार्कसारख्या धनवंतांनी लहान माणसांचे काम हिरावले, हा टूम्सचा आरोप चित्रपट ऐकून घेतो आणि अनुत्तरित सोडतो. गुन्हेगार शिक्षा भोगतो, व्यवस्था मात्र जागची हलत नाही. कर्त्या पुरुषाला कोंडीत पकडणाऱ्या जगाबद्दल या साहसपटांना 'मिस्टर मॉम'हून अधिक काही म्हणायचे नाही.

'द फ्लॅश' (२०२३) मध्ये कीटन पुन्हा बॅटमॅन झाला. गॉथममधील गुन्हेगारी संपलेली, काम संपलेले. केस वाढवलेला एकटा म्हातारा वाड्यात राहतो. पण आता तो भेटतो तो स्वयंपाकघरात. उकडलेल्या स्पॅगेटीच्या शेवयांनी काळाचे गूढ समजावून सांगतो. चौतीस वर्षांपूर्वी ज्याला स्वतःच्या घरातले जेवणघर अपरिचित होते, त्याला चुलीजवळ उभे केलेले पाहून बरे वाटते. मात्र त्याच्या हातचे जेवायला घरचे कोणी नाही.

आणि २०२४ सालचा 'गुडरिच'. यात कीटनने रंगवलेला कलादालनाचा मालक साठी ओलांडलेला आहे. पत्नी व्यसनमुक्तीसाठी अचानक निघून जाते, तेव्हा ती व्यसनी होती हेही त्याला ठाऊक नसते. नऊ वर्षांची जुळी मुले त्याच्या हाती येतात. पहिल्या लग्नाची, आता गरोदर असलेली मुलगी (मिला कुनिस) हे पाहते आणि आपल्या वाट्याला असा बाप का आला नाही, हे दुःख तिला लपवता येत नाही. गोष्ट 'मिस्टर मॉम'चीच, पण या वेळी हशा थोडा आणि हिशेब मोठा आहे. कलादालन वाचत नाही. जुनी जागा परत देऊन पटकथा या बापाला सोडवत नाही.

चित्रपटांचा हा प्रवास सुसंगत आराखड्याने झाला, असा आमचा दावा नाही. नट भूमिका निवडतो, लिहीत नाही. परंतु निवडीलाही स्वभाव असतो. मुखवट्याआड असो की कमरेला स्वयंपाकाचे फडके बांधून असो, घरासाठी राबणे आणि घरात असणे या दोहोंमधले अंतर कीटनने पुन्हा पुन्हा मोजले आहे. आपल्या घरांतून मुले हे साहसपट पाहतात आणि वडीलधारे उठून जातात. त्यांनी एकदा शेजारी बसून 'होमकमिंग'मधला तो मोटारीतला प्रसंग पाहावा, अशी आमची शिफारस आहे. पंखांविषयी मुले विचारतीलच. बापाविषयी बोलायला मोठ्यांनी तेथे असावे.