रावणाची नमुना सही

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर कारकुनाला दोनच गोष्टी येतात : नोटा मोजणं आणि सही जुळवणं. नोटा आता यंत्र मोजतं, त्यामुळे माझ्याकडे सहीच उरली. कलेतलं मला काही कळत नाही, बी. कॉम.ला तो पेपर नव्हता. तरी आज मी टीकाकाराच्या खुर्चीत बसणार आहे आणि दूरदर्शनच्या दोन जुन्या मालिकांवर बोलणार आहे. सही जुळवायला जेवढी अक्कल लागते, तेवढ्यात हे काम भागेल असा माझा अंदाज आहे.

विषय निघाला २०२० च्या टाळेबंदीत. २८ मार्चपासून दूरदर्शननं रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. माझी आठ वर्षांची मुलगी बघत बसली होती. बापाला बापपण दाखवायची संधी क्वचित मिळते, म्हणून मी ज्ञान पाजळलं, "ही सीता आहे ना, दीपिका चिखलिया, ती १९९१ साली बडोद्यातून खासदार झाली. आणि हा रावण, अरविंद त्रिवेदी, तोही त्याच साली साबरकांठ्यातून निवडून आला."

"वेगवेगळ्या पार्टीतून ना, बाबा?"

"नाही. एकाच."

तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "मग त्यांचं भांडण मिटलं?"

मी पाणी प्यायला उठलो. कारण त्यांचं मिटलं असेल-नसेल, त्यांच्यावरून आमच्याकडे सुरू झालेलं भांडण काही मिटलेलं नव्हतं.

माझं आजोळ चोरखमारा. तिरोडा तालुक्यातलं गाव; एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं जंगल. आता जिल्हा गोंदिया. पण १९९९ पर्यंत आम्ही भंडाऱ्याचे. थोरल्या मामांनी टीव्ही घेतला, तेव्हा अख्खी आळी त्यांच्या ओसरीत मावायची. १९८५ साली 'विक्रम और बेताल' लागायचं. वेताळ झालेले सज्जन झाडाला लोंबकळायचे, हसायचे, आणि आम्हा पोरांची पाचावर धारण बसायची. मामांच्या घरून शेजारी मावशीकडे जायला वीस पावलं लागत. ती आम्ही सात पावलांत पार करायचो. आजी रोज बजावायची, "पोरांना असलं भुताखेताचं दाखवू नका, बिघडतील."

आज टीकाकार म्हणून माझं मत विचाराल, तर वेताळानं आम्हाला काहीही बिघडवलं नाही. त्याचा व्यवहार चोख होता. तो भीती दाखवायचा, गोष्ट सांगायचा, शेवटी एक प्रश्न विचारायचा आणि आपल्या झाडावर परत जायचा. आमच्याकडे काही मागायचा नाही. रविवारी उघडलेलं खातं सोमवारी शाळेची घंटा होईपर्यंत बंद.

त्यातला विक्रमराजा म्हणजे अरुण गोविल. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि तेच राम म्हणून आले. वेताळ एवढा वाहिला म्हणून राजाला बढती मिळाली, अशी आम्हा पोरांची समजूत. आता भ्यायचं कारणच नव्हतं. मामी अंघोळ करून टीव्हीसमोर उदबत्ती लावायची, चपला बाहेर राहायच्या. अठ्ठ्याहत्तर भाग आम्ही हात जोडून बघितले. म्हणजे अठ्ठ्याहत्तर रविवार गावानं श्रद्धेचा भरणा केला. कोणाच्या खात्यात, ते स्लिपेवर कोणी बघितलं नाही.

पैसे काढायला लोक आले, तेव्हा कळलं. मालिका चालू असतानाच, १९८८ मध्ये, अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत अरुण गोविल काँग्रेसच्या प्रचाराला गेले. थोरले मामा काँग्रेसचे. त्यांनी गावभर सांगितलं, "राम आपल्याकडं हाये." तिथे विश्वनाथ प्रताप सिंग जिंकले, तो भाग मामांनी गाळला. धाकटे मामा भाजपचे. त्यांनी तीन वर्षं कळ काढली. १९९१ चा निकाल लागला तसे ते पेढे घेऊन आले. "दादा, सीता आमची झाली. रावणही आमचाच."

थोरले मामा पेढा न घेता म्हणाले, "रावन तं पयलेपासूनच तुमचा होता."

झालं! एका वाक्यावर अंगणात भिंत उभी राहिली. टीव्ही थोरल्यांकडे राहिला, विहीर धाकट्यांकडे गेली. मोठ्यांचं काही अडलं नाही; त्यांना भांडायला विषय मिळाला होता. अडलं ते पोरांचं. माझा मामेभाऊ रविवारी उलट्या बादलीवर उभा राहून भिंतीवरून टीव्ही बघायचा. बघायचा म्हणजे ऐकायचा. ज्या आजीला वेताळ घर बिघडवील अशी धास्ती होती, तिला ही भिंत काही आधी दिसली नाही.

नटानं निवडणूक लढवू नये, असं माझं म्हणणं नाही. कारकुनालाही लढवता येते, फक्त आधी नोकरी सोडावी लागते. पुढे महाभारतातले कृष्ण, नितीश भारद्वाज, १९९६ साली जमशेदपूरहून निवडून आले. तोही त्यांचा हक्क. चूक काउंटरवरच्या माणसाची, म्हणजे आपली. चेक रामाच्या नावाचा, सही गोविलांची, आणि आपण न बघताच पास केला. दोन्ही मामांनी केला.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रभर दंडार चालते. एका वर्षी दंडारीत ज्यानं रावणाचं सोंग घेऊन माझी झोप उडवली होती, तोच इसम पुढे पीककर्जासाठी माझ्या काउंटरवर उभा राहिला. सही जुळेना. "तेव्हा दहा तोंडं होती, आता एक सही जमेना?" मी म्हटलं. तो हसला आणि पुन्हा सही केली. रावण म्हणून दोन पैसे जास्त मागावेत, असं त्याच्या मनातही आलं नाही. मुखवटा घरी ठेवून आला होता. माझ्या मते तो फार मोठा नट.

२०२४ मध्ये अरुण गोविल मेरठहून भाजपचे खासदार झाले. धाकट्या मामांचा फोन आला, "राम आमचा झाला!" पाठोपाठ थोरल्यांचा, "अठ्ठ्याऐंशीत आमचा होता, सांगजो त्याले."

मागच्या मंडईला मुलीला घेऊन गेलो. ती आता मोठी झाली आहे, पण प्रश्न तोच. "मामाआजोबा, सीतेचं आणि रावणाचं मिटलं म्हणे. तुमचं कधी?"

वेताळाची अट तुम्हाला आठवत असेल. बोललं तर तो झाडावर जातो. उत्तर माहीत असून गप्प बसलं तर डोक्याची शकलं होतात. थोरले मामा बराच वेळ गप्प राहिले. मग आत गेले, ताटलीत अनारसे घातले आणि मुलीच्या हातात देऊन म्हणाले, "भिंतीवरून दे. माझं नाव सांगू नको."

तासाभरानं ताटली परत आली. त्यात चकल्या होत्या.

भिंत अजून आहे. पण त्या दिवशीच्या चकल्या मी जमेला लिहिल्या आहेत.