‘दहशतवाद’ : एका व्याख्येची चिकित्सा

व्याख्या करणे म्हणजे सीमा आखणे. ज्या शब्दाने माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाऊ शकते, त्या शब्दाची सीमा सैल असणे हा केवळ तर्कदोष नव्हे, तो नीतिदोषही होय. बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक अधिनियम, १९६७ यातील पंधरावे कलम आम्ही याच दृष्टीने तपासू इच्छितो.

मुंबईवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्याच डिसेंबरात हे कलम नव्याने लिहिले गेले. हेतू सिद्ध करणे कठीण असते, ही कायदेकारांची अडचण खरी आहे. परंतु दहशत पसरविण्याच्या हेतूइतकाच तसा ‘संभव’ही येथे पुरेसा मानला आहे, मनुष्यहानीच्या जोडीला मालमत्तेची हानीही घेतली आहे. हेतू ऐच्छिक ठरला, की दहशतवाद व साधा दंगा यांतील भेद पुसट होतो.

याच्या उलट टोकाची चूकही आहे. संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वरनगरी’च्या चौथ्या खंडात सिकंदर व चाचा यांची कथा सांगितली आहे : एका जहाजाचा धनी लुटारू ठरतो, आरमाराचा धनी सम्राट. यावरून ‘खरी दहशत राज्याचीच’ असे सरसकट म्हणणारेही कृत्याऐवजी कर्त्याकडेच पाहतात.

कसोटीसाठी दूर जावयास नको. बोथच्याच आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्ली येथे २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारच्या बाजारी, सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार तेरा जण मेले. इतरांनी हा आकडा बराच अधिक सांगितला. ही दहशत होती काय? गणवेश पाहून ‘नाही’ म्हणणे किंवा ‘होय’ म्हणणे, दोन्ही अन्यायाचेच. निःशस्त्रांवर जाणूनबुजून घाव घालून इतरांच्या भयाला साधन करावयाचे होते काय, हाच खरा प्रश्न. सशस्त्र बंडखोर एखाद्या आदिवासीला ‘खबऱ्या’ ठरवून गावादेखत मारतात, तेव्हाही माप हेच. ध्येय कितीही उदात्त सांगितले, तरी ते बदलत नाही.

म्हणून आमच्या मते व्याख्येत दोन गोष्टी अटळ आहेत : निरपराधाला हेतुपुरस्सर लक्ष्य करणे, आणि त्याच्या यातनेतून इतरांना भयाने वाकविणे. कर्ता कोण, हे त्यानंतर पाहावे. एरव्ही हा शब्द उच्चारणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणे होय. आणि त्या पापाची मनाई राज्यालाही आहे, आम्हांलाही.