सायकेडेलिक साहाय्यित मानसोपचार आणि उपचारार्थीचे संरक्षण : एक चिकित्सा

मानसोपचारात उपचारक आणि उपचारार्थी यांचे नाते मूलतः विषम असते. सायकेडेलिक द्रव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या उपचारात ही विषमता अधिक तीव्र होते. एमडीएमए या द्रव्याच्या प्रभावाखाली भीती ओसरते, विश्वास व जवळिकीची भावना वाढते. आघातोत्तर तणाव विकाराने ग्रस्त व्यक्तीला पूर्वीच्या आघाताविषयी बोलता यावे यासाठी हाच गुणधर्म उपयुक्त मानला जातो. परंतु ज्या गुणामुळे उपचार शक्य होतो, त्याच गुणामुळे नकार देण्याची शक्तीही क्षीण होते.

‘मॅप्स’ या अमेरिकन संस्थेने पुरस्कृत केलेल्या चाचण्यांत यावर दोन उपाय योजले होते : प्रत्येक सत्रात दोन उपचारक आणि सत्राचे चित्रमुद्रण. कॅनडातील व्हँकूवर येथील चाचणीतही ते होते. तेथील दोन्ही उपचारक मात्र पतिपत्नी होते आणि पतीकडे व्यवसायाचा परवाना नव्हता. २०१५ च्या चित्रफितींत हे दोघे औषधाच्या अंमलाखाली असलेल्या सहभागी स्त्रीला बिलगून पडलेले व तिला दाबून धरताना दिसतात. पुढे पतीने तिच्याशी लैंगिक संबंध ठेवले. २०१९ मध्ये संस्थेने नीतिभंग झाल्याचे जाहीरपणे मान्य केले. चित्रफिती लोकांसमोर आल्या त्या २०२२ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘सायकोफार्माकॉलॉजी’ या नियतकालिकाने या केंद्रातील माहितीचा समावेश असलेले तीन शोधनिबंध मागे घेतले. नियमभंगाची कल्पना असूनही लेखकांनी तो नियतकालिकाला कळविला नव्हता.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. संरक्षणाची साधने होती. ती वापरणारा त्रयस्थ नव्हता. दुसरा उपचारक पहिल्याचा जीवनसाथी असेल, तर तो साक्षीदार राहत नाही. चित्रमुद्रण केवळ नोंद करते. ती वेळीच पाहणारी स्वतंत्र यंत्रणा नसेल, तर ती नोंद अपराध थांबवीत नाही, फक्त जपून ठेवते.

दुसरा प्रश्न संमतीचा आहे. धीर देणारा स्पर्श हा उपचाराचाच भाग आहे, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने सायलोसायबिन सेवांसाठी केलेल्या नियमांत अशा स्पर्शाला वाव आहे. परंतु त्यासाठी आगाऊ लेखी संमती आवश्यक असून स्पर्शाच्या मर्यादाही ठरवून दिल्या आहेत. यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. शुद्धीत दिलेली संमती सत्रात केव्हाही मागे घेता यावी. मात्र औषधाच्या अंमलाखाली तिची व्याप्ती वाढविता येऊ नये.

उपचारकाची सचोटी अपरिहार्य आहे. तथापि केवळ तिच्यावर विसंबणे म्हणजे सर्वांत असहाय व्यक्तीवरच सर्वाधिक जोखीम टाकणे होय. परस्परांशी हितसंबंध नसलेले परवानाधारक उपचारक, चित्रफितींची स्वतंत्र तपासणी आणि उपचारसंस्थेबाहेरील तक्रार यंत्रणा, या तीन बाबींशिवाय या उपचारपद्धतीला विश्वासार्ह म्हणता येणार नाही.