‘स्वयंसेविका’ या शब्दाचा हिशेब

‘आशा’ या इंग्रजी संक्षेपातला शेवटचा शब्द ‘ॲक्टिव्हिस्ट’ आहे. मराठीत त्यासाठी ‘कार्यकर्ती’ हा रुळलेला शब्द होता. सरकारी कागदांनी मात्र ‘स्वयंसेविका’ पसंत केला. ही निव्वळ कारकुनी निवड आहे असे मला वाटत नाही. आपल्या सेवाकथांनी घडवलेली अभिरुची त्यामागे आहे.

दुर्गम भागातल्या आरोग्यकार्यावरचे मराठी लेखन बहुधा एकाच वाटेने जाते : डॉक्टर दांपत्य, शहराचा त्याग, पहिली झोपडी, पहिला बरा झालेला रोगी. त्याग खराच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण ‘प्रकाशवाटा’च्या वाचकाला हेमलकशाचे बिबटे आठवतात, तिथल्या दवाखान्याला स्विसएड या परदेशी संस्थेने केलेली मदत क्वचितच आठवते. पैसा आणि मजुरी आपल्या सेवाकथेत अंग चोरून वावरतात.

जामखेडचेच पाहा. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले, तेव्हा गावांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते. बाहेरून नेमलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, म्हणून गावांनी निवडलेल्या बायकांना शिकवले गेले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित. त्यांना डॉक्टरांच्या मदतनीस म्हणणे चूक आहे. सारी पद्धतच त्यांच्यावर उभी होती. आरोळ्यांच्या १९९४च्या इंग्रजी पुस्तकात त्यांना ऐसपैस जागा आहे. आपण मात्र १९७९चा मॅगसेसे पुरस्कार तेवढा लक्षात ठेवला.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत नेमले. गावातल्याच या बायका नवजात बाळाचे वजन करू लागल्या, ताप पाहू लागल्या, जंतुदोषावर इंजेक्शनही देऊ लागल्या. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे ही पद्धत देशभरातल्या आशांकडे सोपवली गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी, त्याचे २५० रुपये. भेटीमागे बेचाळीसही पडत नाहीत. शाहूवाडी-गगनबावड्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर ऐन पावसात जाऊन यायचे, तर दिवस मोडतो.

पगार दिला की आपुलकी जाते, असा एक युक्तिवाद आहे. जामखेडच्या बायकांनाही प्रतिष्ठा पगारातून मिळाली नव्हती, हे मान्य. पण तिथे सततचे शिक्षण होते, उत्पन्नाच्या वाटा होत्या. शिवाय आपुलकी जाण्याची ही भीती वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पगाराबाबत कोणी बोलून दाखवत नाही!

आशांच्या संघटना किमान वेतन आणि कर्मचाऱ्याचा दर्जा मागत आहेत. मागणी अर्थखात्याकडे असली तरी अडसर भाषेतही आहे, कारण ‘स्वयंसेविके’ला वेतन देणे हे व्याकरणातच बसत नाही. माझ्या कपाटातल्या जुन्या दिवाळी अंकांत डॉक्टरांच्या मुलाखती भरपूर आहेत. वाडीवर जाऊन बाळाचे वजन लिहून आणणाऱ्या बाईची अजून एकही सापडलेली नाही.