‘थांबावे’ की ‘थांबलेच पाहिजे’?

आता ‘आरएफसी २१३१’ कडे वळू. मार्च १९९७, लेखक राल्फ ड्रॉम्स. नेटवर्कवर आलेल्या यंत्राला पत्ता आपोआप कसा मिळावा, म्हणजे डीएचसीपी, त्याचे नियम यात आहेत. पत्ता नसलेले यंत्र ०.०.०.० म्हणून सगळ्यांना हाक घालते. सर्व्हर पत्ता देतो, तोही मुदतीने. मुदत तारखेत नाही, सेकंदांत मोजायची, कारण दोघांची घड्याळे जुळतीलच असे नाही. केवढा समजूतदारपणा!

आमचा आक्षेप एका क्रियापदावर आहे. सुरू झाल्यावर यंत्राने १ ते १० सेकंद, रँडम, थांबावे आणि मग हाक घालावी. ‘थांबावे’ बरं का, ‘थांबलेच पाहिजे’ नव्हे. घरातल्या दोन-चार संगणकांत हे खपून जाते. पण समजा, कारखान्यात एकाच साच्याचे दोनशे सेन्सर-बोर्ड आहेत. वीज जाऊन येते आणि सगळे एकदम ओरडतात. काहींना पत्ता मिळत नाही. त्यांचे मोजमाप कुठेच पोहोचत नाही.

बरं, थांबायचे ठरवले तरी किती? एवढ्याशा बोर्डाने रँडम आकडा आणायचा कुठून? सगळ्यांचे सीड एकच असेल, तर सगळ्यांचा आकडाही एकच. पुन्हा हाक घालण्याआधीचे चार सेकंद, अधिक-उणे एक, तेही एकच! सगळेच असे वागले तर काय, असे कांट विचारायचा. इथे सगळे अक्षरशः तसेच वागतात.

सीडमध्ये मॅक पत्ता मिसळला की बहुतेक भागते, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. हे सक्तीचे का नाही, ते आम्ही आधी ग्रंथकर्त्याला विचारू. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना नंतर.