मरियेचं गाणं

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एका खेड्यातल्या मुलीच्या तोंडी एक गाणं आहे. लग्न ठरलेली, अजून नवऱ्याच्या घरी न गेलेली, पोटात मूल असलेली मरिया ते गाते. सुरुवातीला वाटतं, हे साधं भक्तिगीत असेल. आपल्यासारख्या क्षुद्र दासीकडे देवाचं लक्ष गेलं म्हणून ती हरखते, त्याच्या दयेचे गुण गाते. आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता गाणं पालटतं. देवाने गर्विष्ठांची दाणादाण केली, सत्ताधीशांना गादीवरून खाली खेचलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांची पोटं भरली आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने वाटेला लावलं. एवढं बोलून ती अब्राहामाला दिलेल्या वचनाची आठवण काढते आणि थांबते.

हे तिला कुठे सुचलं, तेही पाहण्यासारखं आहे. नासरेथहून निघून ती यहूदाच्या डोंगराळ मुलखात आपल्या नातलग अलीशिबेकडे आली आहे. एक पोरवयाची, दुसरी म्हातारपणी गरोदर. दोघी बायका घरात बोलत आहेत आणि त्याच घराचा कर्ता पुरुष, याजक जखऱ्या, मुका होऊन बसला आहे. मंदिरात धूप जाळताना देवदूताने दिलेली मुलाची बातमी त्याला खरी वाटली नाही, म्हणून त्याची वाचा गेली. धर्माचं बोलणं ज्याच्या अधिकारात, तो गप्प, आणि ज्यांना मंदिराच्या आतल्या दालनात पाऊल ठेवायची मुभा नाही, त्या बोलत्या झालेल्या. लूकची ही मांडणी मला योगायोगाची वाटत नाही. पुढे मूल जन्मतं, अलीशिबा त्याचं नाव योहान सांगते, तर सोयरे म्हणतात, आपल्या कुळात असं नाव कुणाचं नाही. ते बापाला खुणेने विचारतात. जखऱ्या पाटी मागवतो, बायकोने सांगितलेलंच नाव लिहितो आणि तेव्हाच त्याची जीभ मोकळी होते.

मरियेच्या गाण्यामागे हन्नेचं जुनं गाणं आहे, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं. त्या हन्नेला मूकपणे प्रार्थना करताना पाहून एली याजकाने ती दारू प्यायली आहे असं ठरवलं होतं! बायकांच्या प्रार्थनेबद्दल याजकांचे गैरसमज बायबलने लपवलेले नाहीत.

मराठीत या गाण्याशी ज्यांचं आयुष्य सर्वांत जवळून जुळतं, त्या पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली, तेव्हा स्त्रीने वेद वाचावा का, हा प्रश्न खुद्द रमाबाईंनाच पडला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठात रोज सायंप्रार्थनेत हेच मरियेचं गाणं म्हटलं जात असे. सत्ताधीशांना गादीवरून उतरवणारे शब्द रोज सांजेला, आणि दुसरीकडे रमाबाईंनी धर्ममतं निमूटपणे मानावीत ही अपेक्षा. त्या चेल्टनहॅमला होत्या तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रांतून ठणकावून सांगितलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून त्या दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला आलेल्या नाहीत. बायबल त्या स्वतः वाचणार होत्या आणि पटेल तेवढंच मानणार होत्या. ख्रिस्ती झाल्यामुळे त्या नमल्या असं मानणाऱ्यांनी ही पत्रं जरूर वाचावीत.

सरकारलाही त्यांनी सोडलं नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड लिहिलं. पुढे केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं. अर्धशिक्षित बायकांनाही कळावं, हा ध्यास. आणि ते छापलं सदनातल्याच बायकांनी. दुष्काळाने घराबाहेर फेकलेल्या, वैधव्याने कोपऱ्यात बसवलेल्या हातांनी शिशाचे खिळे जुळवले, भुकेल्यांची पोटं भरल्याच्या त्या ओळीचेसुद्धा. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

पिंपळगाव राजात बसून वाचताना माझं मन मात्र श्रीमंतांच्या ओळीवर अडतं. आमचा बुलडाणा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, कर्जमाफी, मदतीचे हप्ते, हे सगळं इथे बोलून चोथा झालेलं आहे. भुकेल्याला जेवू घाला म्हटलं तर कुणाचीच हरकत नसते. मरिया तिथे थांबत नाही. खामगावच्या बाजारात कापसाची गाडी नेऊन आलेल्याला रिकाम्या हाताने परतणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आणि तीच वेळ ती श्रीमंतांवर आणते. तिचा देव त्यांना ठार मारत नाही, ही बाब मला फार मोलाची वाटते. सुडाचं गाणं असतं तर ते इतकं टिकलं नसतं. आणि या ओळींतली क्रियापदं भूतकाळी आहेत. खेचलं, उचललं, भरलं. यहूदियात अजून हेरोद राज्य करतो आहे, पुढचा अध्याय औगुस्त कैसराच्या शिरगणतीच्या हुकमाने सुरू होणार आहे, तरी ही मुलगी जणू काम उरकलं असंच गाते.

मग करायचं कुणी? त्याचं उत्तर लूक तिसऱ्या अध्यायात अलीशिबेच्या त्या मुलाकडून वदवतो. लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर एक ज्याला नाही त्याला द्या. जकातदारांना म्हणतो, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धाकदपटशा करून लुबाडू नका, पगारात भागवा. राज्यकर्त्याच्या दुष्कर्मांवरही तो तोंडावर बोट ठेवत नाही, आणि तो राज्यकर्ता त्याला तुरुंगात टाकतो.